हीटरचं पाणी आवरण्याची प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका मिनेसोटात राहणाऱ्या अशा मराठी माणसासाठी आहे, ज्याने १९५१ सालची शेव्हरोले ३१०० पिकअप घेतली आहे आणि घेण्याआधी घरात विचारलेलं नाही. (विचारलं असतं तर गाडी दारात आली नसती आणि या मार्गदर्शिकेची वेळही.) फोर्ड, डॉज, स्टुडबेकर यांच्या मालकांनीही वाचायला हरकत नाही. नट-बोल्ट वेगळे निघतील, चटके तेच. यांत्रिक ज्ञानाची अट नाही. ज्याला ते असतं तो असल्या गाडीच्या हीटरच्या वाटेला जात नाही, जाड मोजे घालतो.

आधी कॅलेंडर पाहा

नवशिक्याची पहिली समजूत अशी की हीटर हिवाळ्यासाठी असतो. तुमच्या गाडीचा नसतो. मिनेसोटात बर्फ सुरू झाला की रस्त्यांवर मीठ पडतं आणि सत्तरी ओलांडलेल्या पत्र्याला ते मीठ सुखाने जगू देत नाही. म्हणून शहाणे मालक नोव्हेंबरात गाडी गॅरेजात लावतात, पांघरूण घालतात आणि एप्रिलच्या पावसाने रस्ते धुऊन निघाल्याशिवाय तिला बाहेर काढत नाहीत. म्हणजे जानेवारीत, जेव्हा हीटर पूर्ण उघडा टाकणं हे एकच उत्तर असतं आणि ते कोणालाही जमलं असतं, तेव्हा गाडी झाकलेली. जुलैत हीटर नकोच. उरतात ते सप्टेंबरअखेरचे, ऑक्टोबरचे आणि पुढे एप्रिल-मेचे दिवस: सकाळी निघताना तीन-चार अंश, दुपारी परतताना अठरा. या दिवसांत माणसाला हवी असते अर्धी ऊब.

१९५१ सालच्या या गाडीत अर्धी ऊब मिळत नव्हती. खरं तर ऊबसुद्धा गाडीबरोबर येत नसे. हीटर ही जादा पैसे मोजून घ्यायची चैन होती आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी ती घेतली नाही. ज्यांनी घेतली त्यांना डॅशबोर्डखाली एक पत्र्याची पेटी, तिच्यात एक पंखा आणि पेटीच्या तोंडाशी हाताने उघडायच्या झडपा एवढं मिळालं. शेव्हरोलेने १९४७च्या उन्हाळ्यात हे मॉडेल आणलं तेव्हा जाहिरातीत सांगितलं होतं की ही श्वास घेणारी केबिन आहे. यात काही खोटं नव्हतं. आज दारांचं रबर झिजल्यावर ती पूर्वीपेक्षा जास्तच श्वास घेते.

पाणी येतं कुठून, जातं कुठे

इंजिन थंड राहावं म्हणून त्याच्या पोटातून पाणी खेळवलेलं असतं. ते ढकलायचं काम वॉटर पंपाचं. त्यातलं थोडं गरम पाणी सिलिंडर हेडच्या बाजूने एका रबरी होजमध्ये शिरतं (आतला व्यास साधारण ५/८ इंच), इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून पलीकडे जातं, हीटरच्या पेटीतल्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि दुसऱ्या होजने पंपाच्या ओढीच्या बाजूला परत येतं. या छोट्या रेडिएटरला मेकॅनिक कोअर म्हणतात. पेटीतला पंखा कोअरवरून केबिनमधलीच हवा फिरवतो. गाडीची वीज सहा व्होल्टची, त्यामुळे पंख्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

या सगळ्यावर नियंत्रण म्हणजे काय? त्या काळच्या कितीतरी गाड्यांवर, आणि नशीब असेल तर तुमच्याही, इंजिनाजवळ एक पितळी कॉक असतो. गाडी थांबवायची, खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं, कॉक फिरवायचा, बॉनेट लावायचं, आत येऊन बसायचं. हे वर्षातून दोनदा करायचं अशी मूळ कल्पना होती: थंडी लागली की उघडा, उकडायला लागलं की बंद. दिवसातून दोनदा उकडेल आणि दोनदा गारठायला होईल असा ऑक्टोबर त्या कल्पनेत नव्हता.

कॉक सापडला तर लगेच पकड घेऊन धावू नका. दहा-वीस वर्षं कोणी हात न लावलेला पितळी कॉक बिडाच्या हेडमध्ये इतका घट्ट बसलेला असतो की जोर केला तर कॉक फिरत नाही, मोडतो. अर्धा हातात येतो, अर्धा हेडमध्ये राहतो. गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर थांबा, मग हळू प्रयत्न करा. आणि तो सुटून फिरायला लागला म्हणजे जिंकलात असं समजू नका. आता तो दांड्यापाशी गळायला लागेल, कारण आतलं पॅकिंग कधीच वाळून गेलेलं असतं.

विसण, आणि ते तुमच्या गाडीत का नाही

हा भाग लांब आहे. कंटाळा आला तरी सोडू नका, कारण पुढच्या सगळ्या वैतागाचं मूळ इथे आहे.

बंबातलं पाणी कढत निघालं तर घरात कोणी बंबाचा जाळ कमी करत बसत नसे. बादलीत विसण घालायचे आणि अंघोळीला बसायचे. नंतरच्या काळात गाडी बनवणाऱ्यांनी हाच शहाणपणा उचलला. बहुतेक गाड्यांत गरम पाणी कोअरमधून सतत, पूर्ण जोराने वाहत राहतं. ऊब ठरवते ती एक झडप. थोडी हवा कोअरवरून जाते, थोडी बाजूने गारच येते, आणि दोन्ही मिसळून तुमच्या पायांपर्यंत पोचतात. विसण हवेत घातलेलं असतं. हवा चटकन बदलते, म्हणून बटण फिरवलं की लगेच फरक कळतो.

तुमच्या पेटीत ही मिसळणारी झडप नाही. तुमच्या हातात आहे फक्त पाणी, आणि पाणी आवरून ऊब आवरणं हा जाळ कमी-जास्त करण्याचा प्रकार आहे. त्यात तीन खोड्या आहेत.

पहिली खोडी कोअरची. त्यातून पाणी सावकाश गेलं तर ते रेंगाळतं आणि जाता जाता आपल्याजवळची बरीचशी उष्णता हवेला देऊन टाकतं. जोरात गेलं तरी हवा घेऊन घेऊन किती घेणार? म्हणून कॉक पूर्ण उघडा असो की एक तृतीयांश, पायांना फारसा फरक कळत नाही. सगळा फरक उघडण्याच्या अगदी सुरुवातीच्या फटीत भरलेला असतो. पुढे सांगितल्याप्रमाणे होजवर बॉल व्हॉल्व्ह लावलात तर हे जास्तच जाणवतं, कारण त्याचं हँडल एकूण फिरतंच मुळी ९० अंश. थोडं फिरवा, काही नाही. आणखी थोडं, काही नाही. आणखी केसभर, आणि भट्टी.

दुसरी खोडी पंपाची. वॉटर पंप फॅन बेल्टवर चालतो, म्हणजे इंजिन जितकं जोरात तितकं पाणी जोरात. ५० मैलांच्या वेगाला तुम्ही व्हॉल्व्ह अगदी मनासारखा लावलात की पुढच्या लाल दिव्याशी तो मनाविरुद्ध जातो. इंजिन मंद, पंप मंद, त्या बारीक फटीतून पाणी जेमतेम ठिबकतं आणि हवा गार. दिवा हिरवा झाला की पुन्हा चटके.

तिसरी खोडी उशिराची. व्हॉल्व्ह फिरवल्यावर कोअरचं तांबं-पितळ, त्यातलं पाणी, पेटीचा पत्रा हे सगळं निवायला किंवा तापायला वेळ लागतो. नवशिक्याला तेवढा दम नसतो. तो फिरवतो, थांबत नाही, आणखी फिरवतो. मग आधीचं आणि नंतरचं फिरवणं एकाच वेळी पायांवर येतं.

या खोड्यांवर त्या काळातच एक हुशार उत्तर निघालं होतं, पण तुमच्या गाडीवर नाही. फोर्ड आणि क्रायस्लरच्या पन्नाशीतल्या काही गाड्यांवर रॅन्कोचा व्हॉल्व्ह असे. त्यातून केसासारखी बारीक तांब्याची नळी निघते आणि हीटरच्या गरम हवेच्या वाटेत पसरलेली असते. हवा तापली की नळीतला भरणा फुगतो आणि व्हॉल्व्हला बंद होण्याच्या दिशेने ढकलतो. हवा निवली की व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो. लाल दिव्याशी पंप मंदावला तर व्हॉल्व्ह आपणहून थोडा जास्त उघडून भरपाई करतो. तारा नाहीत, वीज नाही, फ्यूज नाही. माझ्या मते त्या दशकातल्या केबिनमधली ही सगळ्यात सुसंस्कृत वस्तू आहे. फक्त ती नळी कधी दुमडू नये. दुमडून चिरली की भरणा उडून जातो आणि व्हॉल्व्हची अक्कल त्याच्याबरोबर.

साहित्य

पितळी बॉल व्हॉल्व्ह एक, दोन्ही टोकांना होज चढेल असा. (हौस असेल तर केबलने चालणारा हीटर व्हॉल्व्ह, म्हणजे डॅशबोर्डवरून ओढता येतो.) होज क्लिपा चार, आणि दोन जादा, कारण दोन इंजिनखाली पडून दिसेनाशा होणार. नवी होज दीड-दोन मीटर. जुनी वापरायचा मोह होईल, तिला बोटांनी दाबून पाहा, आतून चुरचुरली तर मोह आवरा. रुंद तोंडाची परात किंवा टब. कूलंट. चिंध्या. आणि केबिनमध्ये बसून दर मिनिटाला "आता गरम येतंय का?" या प्रश्नाचं खरं उत्तर देणारा एक माणूस. हा माणूस घरातलाच असेल तर त्याला आधी जेवायला घाला.

विजेवर चालणारे, गोल बटणाने फिरणारे व्हॉल्व्हही मिळतात. ते सहसा १२ व्होल्टचे असतात आणि तुमची गाडी सहाची. एका व्हॉल्व्हसाठी सगळी वायरिंग बदलायला निघालात तर ती मार्गदर्शिका वेगळी आहे आणि तिची पानंही बरीच.

कृती

पायरी पहिली. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. या मार्गदर्शिकेत गंमत नसलेलं वाक्य हे एकच समजा आणि तेवढंच पाठ करा.

पायरी दुसरी. दोन होजपैकी आत गरम पाणी आणणारी कोणती, ते ओळखा. गाडी तापल्यावर हात लावून कळणार नाही, तेव्हा दोन्ही चटका देतात. गार इंजिन सुरू करा आणि ते तापायला लागताच दोन्ही चाचपा, पंखा आणि बेल्ट यांच्यापासून बाही लांब ठेवून. आधी तापते ती आणणारी, मागाहून तापते ती नेणारी. व्हॉल्व्ह आणणाऱ्या होजवर बसवायचा. नेणाऱ्या होजवर बसवलात तरी पाणी थांबेल, पण मग कोअर बंद असतानाही पंपाच्या दाबाखाली राहील. सत्तर वर्षांच्या कोअरवर तेवढा दाब विनाकारण कशाला?

पायरी तिसरी. इंजिन पुन्हा गार करा आणि रेडिएटरखालचा निचऱ्याचा कॉक सोडून पाणी हीटरच्या होजच्या खाली येईपर्यंत काढा. जे निघतं ते नुसतं पाणी नसतं, त्यात एथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोड असतं आणि विषारी असतं, आणि कुत्र्यांना त्यातली पहिलीच गोष्ट कळते. परात उघडी ठेवून चहाला जाऊ नका, सांडलेलं लगेच पुसा. परत भरताना निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी घाला. हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. निम्मं चांगलं तर पूर्ण आणखी चांगलं, हा हिशेब इथे चालत नाही. शुद्ध ग्लायकॉल उणे १३च्या आसपासच गोठतं. ज्या राज्यातल्या टॉवर नावाच्या गावात २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा उणे ५१ अंशांवर गेला, त्या राज्यात गॅरेजात झाकलेल्या गाडीलाही निम्म्या-निम्म्याचाच नियम लागू आहे.

पायरी चौथी. होज कापा, व्हॉल्व्ह बसवा, क्लिपा आवळा. केबलच्या व्हॉल्व्हवर बाण कोरलेला असेल तर तो पाणी जाण्याच्या दिशेने ठेवा.

पायरी पाचवी. पायरी चौथीवर परत जा. बाण उलटा लागला आहे.

पायरी सहावी. केबल असेल तर तिचं बाहेरचं आवरण व्हॉल्व्हजवळ क्लिपेने पक्कं धरा. ते सैल राहिलं तर डॅशबोर्डवरची मूठ ओढल्यावर व्हॉल्व्ह जागचा हलत नाही, आवरण वाकतं. तुम्ही आणखी जोरात ओढता आणि मूठ हातात येते. केबलला तीव्र वळण देऊ नका. मूठ बाहेर ओढल्यावर व्हॉल्व्ह उघडतो की बंद होतो, हे आजच एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. मूठ दोन्ही स्थितींत तितकीच आत्मविश्वासाने बसलेली दिसते.

पायरी सातवी. पाणी भरा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि आत अडकलेली हवा काढा. गाडीचं नाक चढावर ठेवा, रेडिएटरचं झाकण काढलेलं असू द्या आणि इंजिन गार अवस्थेतून सुरू करून मंद चालू द्या. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, आणखी भरा. डॅशबोर्डमागे पाणी गुळगुळतंय तोवर हवा शिल्लक आहे, आणि हवा असेल तिथे गरम पाणी जात नाही. पुष्कळ लोक या टप्प्यावर व्हॉल्व्ह खराब निघाला म्हणून परत करायला जातात.

ज्यांना कृती वाचायचा कंटाळा आला त्यांच्यासाठी

होज पकडीने चिमटून टाका. अमेरिकेत ही प्रतिष्ठित परंपरा आहे. आवळून तशीच कुलूपबंद राहणारी पकड नेब्रास्कातल्या डेविट गावच्या विल्यम पीटरसन नावाच्या लोहाराने बनवली. तिचं पेटंट १९२४ सालचं, आणि व्हाइस-ग्रिप हे नाव पुढे साऱ्या देशात झालं. २००८ साली डेविटचा कारखाना बंद पडला आणि उत्पादन चीनला गेलं, पण जुन्या पिकअपच्या बॉनेटखाली होजला लटकलेल्या तिथल्या पकडी अजून दिसतात. ही पद्धत झटपट आहे, फुकट आहे आणि तिच्यात कमी-जास्त करण्याची सोयही आहे, कारण पकडीच्या मागचा स्क्रू फिरवून चिमटा सैल-घट्ट करता येतो. मात्र होज आतून चिरते आणि एके दिवशी चिमट्याच्या जागीच फुटते. तेव्हा घरी पोचण्यापुरतीच वापरा.

एक इशारा, घाईत असलेल्यांनी वगळला तर पस्तावतील असा

तुमच्या गाडीत मूळचं २१६ घन इंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन असेल तर हीटरचं पाणी पूर्ण बंद केल्याने त्याचं काही बिघडत नाही. पण आधीच्या मालकाने ते काढून जनरल मोटर्सचं नवं एलएस जातीचं व्ही-८ बसवलं असेल, आणि हल्ली हे फार होतं, तर नियम बदलतात. त्या इंजिनाचा थर्मोस्टॅट परतीच्या पाण्याच्या वाटेवर असतो आणि हीटरमधून फिरून येणाऱ्या पाण्यामुळे त्याला इंजिनाच्या तापमानाचा अंदाज येतो. ती वाट बुजवली की तो चाचपडायला लागतो. अशा वेळी चार तोंडांचा व्हॉल्व्ह घ्या. तो बंद केल्यावर पाणी अडत नाही, कोअरला वळसा घालून परत जातं.

शेजारच्या सीटचं काय

गाडी अमेरिकन, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे आणि हीटरची पेटी उजवीकडे. सीट सलग बाकासारखी असली तरी हवामान सलग नसतं. तुमचा डावा पाय क्लचवर गारठलेला आणि शेजारी बसलेलीच्या पोटऱ्या भाजत असतात.

"अरे, बंद कर ना ते."

"आत्ताच बंद केलंय."

"मग गरम का येतंय?"

याचं उत्तर तिसऱ्या खोडीत दिलं आहे, पण ते वाचून दाखवू नका. पेटीच्या झडपा लावून घ्या, नाहीतर पंखा बंद करा. दोन्ही उपाय व्हॉल्व्हपेक्षा लवकर लागू पडतात, आणि निम्मे मालक शेवटी यांवरच गाडी चालवतात. फक्त एक लक्षात ठेवा: समोरच्या काचेवरचं धुकं घालवणारी हवाही याच पेटीतून जाते. दवाच्या सकाळी काच गरम आणि पाय गार असं मागितलंत तर या गाडीकडे ते नाही. एका हाताने काच पुसा.

तक्रारी

ऊब येतच नाही: व्हॉल्व्हला दोष देण्याआधी थर्मोस्टॅट पाहा. तो उघडा अडकला असेल तर इंजिनच तापत नाही, हीटर कुठून देणार? जुन्या गाड्यांत १६० फॅरनहाइटचे, म्हणजे ७१ अंश सेल्सिअसचे थर्मोस्टॅट पुष्कळ सापडतात. अल्कोहोल घातलेलं कूलंट लवकर उकळायचं, त्या काळची ती सोय होती. आता ग्लायकॉल असेल तर १८०चा बसवायला हरकत नाही. रेडिएटरसमोर पुठ्ठा लावणं हा गावठी उपायही चालतो. फक्त ऊन वाढलं की पुठ्ठा काढायचा असतो.

बंद केला तरी ऊब येते: व्हॉल्व्ह आत पूर्ण मिटत नाही किंवा केबल शेवटपर्यंत पोचत नाही. केबल व्हॉल्व्हपासून सोडवा आणि हाताने मिटून पाहा.

काचेवर चिकट धुकं येतं, पुसलं तर तेलकट फराटे उमटतात, उजवीकडची मॅट ओली आहे आणि केबिनमध्ये गोडसर वास आहे: कोअर फुटला. गळती बुजवणारी पूड घालू नका. ती गळती बुजवते तशा कोअरच्या बारीक वाटाही बुजवते. दोन्ही होज एकमेकांना जोडून कोअर सध्या वगळा आणि दुरुस्तीला काढा. वगळलेला कोअर ऑक्टोबरपर्यंत आठवणीत राहील याची व्यवस्था तुम्ही करायची.

गणपतीची मिरवणूक

जुनी पिकअप आहे हे कळल्यावर सप्टेंबरात मंडळाचा फोन येणारच. मूर्ती मागे हौद्यात, पुढे ढोल-ताशा आणि लेझीम, गाडी पायी चालण्याच्या वेगाने. या वेगाला रेडिएटरवर वारा लागत नाही, इंजिनाचा पंखा मंद फिरतो आणि तापमानाचा काटा चढू लागतो. अशा वेळी हीटर पूर्ण उघडा आणि त्याचा पंखा पूर्ण जोरात लावा. इंजिनाच्या दृष्टीने कोअर हा जादा रेडिएटर आहे आणि तो काटा खाली आणतो, तुमच्या पायांच्या जिवावर. दोन्ही काचा खाली घ्या. मानाने शेजारी बसवलेल्या काकांना आधीच सांगून ठेवा की पायांशी येतोय तो नुसता गरम वारा आहे, गळती नाही. गळती असती तर गोड वास आला असता. मात्र मोदकांचा डबा त्यांच्या मांडीवर देऊ नका, नाहीतर वासावरून काहीच कळणार नाही.